कवीचा आजार

"बरं. पुढे?"

कोणी काहीही सांगितलं की त्या एवढंच म्हणायच्या. चष्मा नाकावर खाली ओढायचा, त्याच्या वरून समोरच्याकडे बघायचं आणि विचारायचं, "बरं. पुढे?" आवाजात राग नसायचा, उत्सुकताही नसायची. दुकानदार एक वस्तू काढून ठेवतो आणि आणखी काय म्हणून विचारतो, तसा तो आवाज.

डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या जरा अलीकडे आमची बिल्डिंग होती. त्या तळमजल्यावर एकट्या राहायच्या आणि कल्याणच्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. सगळी बिल्डिंग त्यांना मॅडम म्हणायची. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी एकदा फार भावनिक झाले होते. "या बिल्डिंगसाठी मी रक्त आटवलंय," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. सगळे खाली बघू लागले. मॅडम म्हणाल्या, "बरं. पुढे? टँकर किती वाजता येणार आहे?"

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू जावयाचं गाऱ्हाणं घेऊन त्यांच्याकडे जायच्या. मॅडम चहा करायच्या, सगळं ऐकून घ्यायच्या, मध्ये एक शब्द बोलायच्या नाहीत आणि शेवटी विचारायच्या, "पुढे?" पुढचं काकूंनी ठरवलेलं नसायचं. मग तिथेच बसून ठरवावं लागायचं. काकू वर येऊन सगळ्यांना सांगायच्या की बाई दगडाची आहे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथेच जाऊन बसायच्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती कोणाच्या फार जवळची नसतात, आणि काही झालं की सगळे आधी त्यांच्याच दारात जातात.

सुती साडी, खांद्याला पिशवी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. बुटांना बिल्डिंगमधली पोरं हसायची. मॅडमना ते माहीत होतं. "गुडघे माझे आहेत," म्हणायच्या, आणि विषय संपायचा.

मी अकरावीत इंग्रजीत नापास झालो तेव्हा आईनं मला त्यांच्याकडे पाठवलं. आमच्या घरात इंग्रजी कोणाला येत नव्हतं. वडील रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. आठवडाभर ज्या रंगाचं काम चाललेलं असेल तो रंग रविवारीही त्यांच्या नखांत दिसायचा. आई देवगडकडची. तिला एवढंच कळत होतं की इंग्रजी गेलं की पोराचं सगळं गेलं.

तीन-चार दिवस मॅडमनी माझ्याकडून काळ आणि वाक्यरचना करून घेतल्या. एका दुपारी लाइट गेले. पंखा बंद, दोघंही घामाघूम. त्यांनी माझी वही मिटली आणि कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं. "आता मी वाचते, तू ऐक. हे परीक्षेला नाही," म्हणाल्या.

त्यांनी एक कविता वाचली. हातवारे नाहीत, आवाज कापणं नाही. सोसायटीची नोटीस वाचावी तशी सरळ वाचली. मला निम्मे शब्द कळले नाहीत. पण जे कळलं त्यानं मी हललो. दोनशे वर्षांपूर्वीचा कोणी एक पोरगा, त्याला जे सहन होत नव्हतं तेच मलाही होत नव्हतं, आणि तो ते माझ्यापेक्षा फार चांगलं सांगत होता. मी तीन जिने चढून घरी गेलो. आई म्हणाली, "जेवतंस मा रे बाबू?" मला तिचा राग आला. अशा वेळी कोणी जेवणाचं विचारतं का, असं वाटलं.

त्या कवीचं नाव इथे सांगत नाही. ज्यांनी वाचलाय ते ओळखतील, ज्यांनी वाचलेला नाही त्यांचं त्यावाचून काही अडणार नाही. इंग्रज होता, आणि पंचविशीतच क्षयानं गेला, एवढं पुरे.

त्यानंतर मी मॅडमकडून एकेक पुस्तक वर नेऊ लागलो. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायचो. इंग्रजी सुधारलं, पण बाकीचा मी बिघडलो. केस वाढवले. शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवू लागलो. आरशासमोर उभं राहून उदास दिसायची सवय केली. संध्याकाळी गच्चीवर जाऊन सूर्यास्त बघायचो. आमच्याकडचे सूर्यास्त गडद गुलाबी असायचे, कडेला जांभळे.

"मॅडम, काल आकाश असं होतं की मला रडू आलं."

"बरं. पुढे?"

"पुढे काय? नुसतं रडू आलं."

"ते धुरानंही आलं असेल. आणि तो रंग कशाचा ते वडिलांना विचार, त्यांना बरोबर सांगता येईल."

मी कविताही लिहू लागलो होतो, मराठीत. त्यांत तळी होती, कुरणं होती, ओकची झाडं होती. मॅडमनी एक कविता वाचली आणि चष्मा खाली ओढला.

"ओक कुठे पाहिलास तू?"

"पुस्तकात."

"मीही तिथेच पाहिला. दोघांनी मिळून एक ओक पाहिलेला नाही, आणि तू त्याच्या सावलीत झोपून उठलास."

तो कवी किती लहान वयात गेला हे मला कळलं, त्या दिवशी मी फारच भारावलो होतो. खाली जाऊन मॅडमना म्हणालो, "असं जगलं पाहिजे. थोडंच, पण पेटून."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "पेटून कोण जगलं? त्याला खोकला होता."

बारावीच्या दिवाळीनंतर मलाही खोकला लागला. आधी आईनं काढे दिले. मग रोज संध्याकाळी अंगात कसर येऊ लागली, पॅन्ट कमरेतून उतरायला लागली. डॉक्टरांनी एक्स-रे काढायला सांगितला, थुंकी तपासली आणि टीबी आहे म्हणाले.

आई दवाखान्याच्या बाकावर बसून रडली. वडिलांनी डॉक्टरांना विचारलं, "माझ्या कामामुळे तर नाही ना झालं, साहेब? मी तेच कपडे घालून घरी येतो." डॉक्टर नाही म्हणाले. वडिलांनी जरा वेळानं तेच पुन्हा विचारलं.

आणि मला आनंद झाला होता. लपवण्यात अर्थ नाही, तो झाला होता. मुंब्र्यापासून कल्याणपर्यंत हजार माणसांना होत असेल तो आजार, पण मला तो कवीचा आजार वाटत होता. त्याला झाला तोच मला झाला. मी रिक्षात बसून घरी येताना पहिली ओळ जुळवत होतो.

आईनं नातेवाइकांना न्यूमोनिया सांगितला. माझं ताट, वाटी, पेला वेगळे केले आणि घोळ होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या तळाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. नेलपॉलिश शेजारच्या मुलीकडून मागून आणलं होतं, कारण आईकडे तसलं काही नव्हतं. शेजारची मुलगी विचारायला लागली कशाला हवंय, तेव्हा आई म्हणाली, गंमत म्हणून. बिल्डिंगमध्ये कळायचं ते कळलंच. जिन्यात भेटलेल्या बायका मुलांचा हात धरून भिंतीकडेला होऊ लागल्या.

त्या वेळी औषधाची पद्धत अशी होती की पेशंटच्या नावाचा गोळ्यांचा अख्खा खोका यायचा, आणि दिवसाआड कोणासमोर तरी गोळ्या गिळायच्या. महापालिकेच्या आरोग्यसेविका घरी आल्या आणि विचारलं, "समोर बसून कोण देणार?" आई म्हणाली, "मी देईन."

मॅडम त्या दिवशी चौकशीला वर आल्या होत्या. म्हणाल्या, "आईसमोर हा नाटकं करील. खोका माझ्याकडे द्या."

"तुम्हाला जिने झेपतील?" आरोग्यसेविकांनी बुटांकडे बघत विचारलं.

"हळू चढीन."

तसं ठरलं. सकाळी कॉलेजला जायच्या आधी त्या यायच्या. प्रत्येक मजल्यावर त्यांचे बूट थांबलेले मला अंथरुणातून ऐकू यायचे. मग आत येऊन खुर्चीत बसायच्या, श्वास खाली बसेपर्यंत काही बोलायच्या नाहीत. गोळ्या माझ्या तळहातावर ठेवायच्या, पाण्याचा पेला पुढे करायच्या आणि गिळून झालं की म्हणायच्या, "आ कर." जीभ वर, जीभ खाली. कवीच्या उशाशी कोणी बसावं याबद्दल माझी कल्पना वेगळी होती.

पहिल्याच आठवड्यात मी घाबरून तळमजल्यावर धावलो. "मॅडम, लघवीतून रक्त जातंय. लालभडक."

"नारिंगी असेल."

"हो, पण..."

"गोळीचा रंग आहे. खोक्यातल्या कागदावर लिहिलंय. वाचलं नाहीस?"

"नाही."

"दोनशे वर्षांपूर्वीचं सगळं वाचून झालंय तुझं," त्या म्हणाल्या आणि दार लोटलं.

सुरुवातीच्या त्या आठवड्यांत मी खूप लिहिलं. तापात ओळी सुचायच्या. दोन महिन्यांनी ताप गेला, खोकला जवळजवळ थांबला, गालांवर जरा मांस आलं. आणि लिहिणं बंद पडलं. कागद घेऊन बसलो की नुसती झोप यायची. गोळ्यांनी पोटात ढवळायचं ते वेगळंच. माझ्या डोक्यात पक्कं बसलं की आजार जातोय तशी कविताही जातेय.

एका सकाळी मी हात पुढे केला नाही. "मला नकोत," म्हटलं.

"का?"

"ताप होता तेव्हा रोज लिहीत होतो. आता एक ओळ सुचत नाही. या गोळ्यांनी सगळं मारलं."

"बरं. पुढे?"

"पुढे काही नाही. लिहायचंच नसेल तर बरं होऊन काय करायचंय? तो पण..."

"तो पण काय?"

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. आरोग्यसेविकांनी तिला बजावून ठेवलं होतं की गोळ्या मध्येच सोडल्या तर पुढे औषध लागू पडत नाही, पोरं हातची जातात. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

मॅडमनी गोळ्या बशीत ठेवल्या. "तो तापात लिहीत होता, असं तुला कोणी सांगितलं?"

"म्हणजे?"

"शेवटचं वर्षभर त्यानं कविता लिहिलीच नाही. त्याला जमतच नव्हतं. त्या वेळच्या डॉक्टरांनी त्याच्या अंगातलं रक्त काढलं, आधीच उरलं नव्हतं ते. वर त्याला उपाशी ठेवलं. दिवसाला एक छोटासा मासा आणि पावाचा तुकडा. त्यांचं शास्त्र तसं होतं. तो खायला मागायचा. मित्र शेजारी बसलेला असायचा, पण त्याला देता येत नव्हतं. इतकं चांगलं लिहिणारा माणूस शेवटी भूक लागली म्हणून गयावया करत होता. मी हे वर्गात सांगत नाही. मुलांना ते दुःख आवडतं, आणि त्यांना ते आवडलेलं मला बघवत नाही."

मग म्हणाल्या, "त्याला जगायचं होतं रे. तुला खोकाभर गोळ्या मिळाल्यात, वर तुझं नाव लिहून. त्याला मिळाल्या असत्या तर तो असा बोलत बसला असता का?"

आवाज चढला नव्हता. बशी त्यांनी पुन्हा माझ्यापुढे धरली.

मी गोळ्या घेतल्या. शहाणपण आलं म्हणून घेतल्या असं नाही. उपाशी माणसाची ती गोष्ट ऐकून मला एकदम भूक लागली होती, आणि तिची लाज वाटत होती. आत आईनं बांगडे तळायला घेतले होते. सकाळी सकाळी बांगडे, कारण वडील रात्रपाळीहून येऊन जेवायचे आणि आईला डबल खटाटोप नको असायचा. मॅडम अंडंही न खाणाऱ्या. आई संकोचून दारातच उभी.

"वहिनी, वाढा त्याला," मॅडम म्हणाल्या. "मी आहे इथे."

मी ठिपका लावलेल्या ताटात भाकरी आणि दोन बांगडे खाल्ले. मॅडम पदर नाकाशी धरून समोर बसून राहिल्या. त्यांना कॉलेजला उशीर झाला. मध्ये एकदा म्हणाल्या, "काटे नीट काढ." जन्मात त्यांनी माशाचा काटा काढला नव्हता.

पुढचे महिने त्या गोळ्या झाल्यावर पाच मिनिटं बसायच्या आणि काहीतरी वाचून दाखवायच्या. आता त्या दुसराच कवी आणायला लागल्या होत्या, त्याच काळातला, पण ऐंशी वर्षं जगलेला. "शेवटी शेवटी कंटाळवाणा झाला," म्हणायच्या. "पण झाला. कंटाळवाणं व्हायलासुद्धा जगावं लागतं."

बिल्डिंगमध्ये तर्क चालायचे. काकूंचं म्हणणं होतं की मॅडमचं तरुणपणी कोणावर तरी मन होतं आणि तो टीबीनं गेला, त्याशिवाय परक्या पोरासाठी कोणी एवढे जिने चढत नाही. मलाही ते पटलं होतं. एकदा धीर करून विचारलं, "तुमच्या घरी कोणाला झाला होता का, टीबी?"

"नाही. का, व्हायलाच पाहिजे होता?"

मी पुन्हा कधी विचारलं नाही.

खोका संपला. थुंकी तपासली, साफ होती. आईनं त्या दिवशी माझ्या ताटाचा ठिपका रॉकेलनं घासून काढला. नेलपॉलिश जाईना, म्हणून नखानं खरवडत मोरीत बसली होती, आणि तिच्या लक्षात नव्हतं की मी मागे उभा आहे. मला पाहिल्यावर म्हणाली, "गेला बघ," आणि ताट पालथं करून दाखवलं.

त्यावर मी एक कविता लिहिली. तिच्यात झाड नव्हतं, आकाश नव्हतं. मोरी होती, ताट होतं आणि आईचा अंगठा होता. मॅडमना वाचून दाखवली.

"बरं. पुढे?"

"पुढे नाही. संपली."

"मग शेवटच्या दोन ओळी काढून टाक. त्यांत तू समजावून सांगतोयस."

काढल्या. ती कविता एका दिवाळी अंकात छापून आली. वडिलांनी अंक कारखान्यात नेऊन दाखवला, परत आणला तेव्हा त्या पानाच्या कोपऱ्यावर निळा अंगठा उमटला होता. पुढे मी जे काही लिहिलं, दोन छोटी पुस्तकं झाली, ते सगळं त्या मोरीतून निघालं असं म्हटलं तरी चालेल.

मग बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं, आणि सगळे पांगले. आम्ही दिवा स्टेशनजवळ भाड्याच्या घरात गेलो. मॅडम निवृत्त झाल्या होत्या; त्या ठाण्याला बाळकुमला भाचीच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या, अठराव्या मजल्यावर. तिथे लिफ्ट होती. "गुडघ्यांना करण्यासारखं काही उरलं नाही," असं फोनवर म्हणाल्या होत्या. मी दोन-तीन महिन्यांतून एकदा जायचो. आईनं दिलेली कोकमाची सोलं, कुळथाचं पीठ घेऊन जायचो. लिहिलेलं दाखवायचो, त्या ओळी काढायला सांगायच्या. काही मी काढायचो, काही नाही काढायचो. माझं दुसरं पुस्तक त्यांना फारसं आवडलं नव्हतं, आणि ते त्यांनी सांगितलं.

त्या गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत. भाचीचा फोन आला. मी आणि आई गेलो तेव्हा दारासमोर शेजारची मंडळी उभी होती. त्यांतल्या बऱ्याच जणांना त्या इंग्रजी शिकवायच्या हे माहीत नव्हतं. लिफ्टची तक्रार लेखी करा म्हणून मागे लागणाऱ्या आजी, एवढीच त्यांची ओळख. आईनं त्यांच्या पायांना हात लावला आणि खूप वेळ उठलीच नाही. मी तिला धरून खाली आणलं.

एक गोष्ट सांगायची राहिली. ती त्यांच्या जाण्याच्या पुष्कळ आधीची.

मी पंचविशीत होतो. वागळे इस्टेटमधल्या एका जाहिरात कंपनीत नुकता लागलो होतो आणि कुठल्याशा मसाल्याच्या पाकिटावरचा मजकूर लिहीत बसलो होतो. मॅडमचा फोन आला. त्या स्वतःहून सहसा फोन करत नसत. वाढदिवसाला नाही, दसरा-दिवाळीला नाही. मला वाटलं, बरं नसेल.

"कामात आहेस?"

"बोला ना, मॅडम."

"आज वार कोणता?"

"मंगळवार. का?"

"आजपासून तू त्याच्यापेक्षा मोठा झालास."

कोणापेक्षा ते मला लगेच कळलं नाही. मग कळलं. मी खुर्चीतून उठलो आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिलो.

"तो जेवढा जगला तेवढं तुझं काल झालं," त्या म्हणाल्या. "त्याचं बघून शिकायचं ते संपलं. आता इथून पुढे तो काही सांगू शकणार नाही. तुझं तू बघ."

मी विचारलं, "तुमच्या कसं लक्षात आलं, मॅडम?"

"लक्षात यायचं काय त्यात? मी मोजत होते."

त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली, आणि त्यांनी फोन ठेवला.